किनाऱ्यावर न येणारा पिता : सागरी कासवांच्या वंशाची जनुकीय साक्ष

मनुष्यजन्म किती दुर्लभ आहे हे सांगताना भगवान बुद्धांनी एका कासवाचा दृष्टान्त दिला आहे. मज्झिम निकायातील बालपंडित सुत्तात तो येतो, तसाच संयुत्त निकायातही येतो. महासागरावर एकच छिद्र असलेले एक जू तरंगत आहे. वारा त्याला कधी पूर्वेकडे, कधी पश्चिमेकडे लोटतो. त्याच सागरात एक आंधळे कासव आहे आणि ते शंभर वर्षांतून एकदाच पृष्ठभागावर येते. वर येताना त्याची मान नेमकी त्या छिद्रात शिरावी, इतका हा योग दुर्मीळ आहे. आमच्या शाळेतील विद्यार्थी हा दृष्टान्त लहान वयातच ऐकतात.

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत वाढणाऱ्या मुलांना मात्र कासव केवळ सुत्तात भेटत नाही. चिंचणीपासून डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असे करत तलासरी तालुक्यातील झाईपर्यंत हा किनारा पसरलेला आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की या किनाऱ्यावर जखमी सागरी कासवे वाहून येतात. कोणाचा वल्ह्यासारखा पुढचा पाय जाळ्याच्या दोरीने कापलेला असतो, तर कोणी थकव्याने अर्धमेले झालेले असते. वन विभागाच्या डहाणू येथील कासव शुश्रूषा केंद्रात प्राणिमित्र कार्यकर्त्यांच्या साहाय्याने त्यांच्यावर उपचार होतात आणि बरी झालेली कासवे पुन्हा समुद्रात सोडली जातात. अशाच एका कासवापाशी उभे असताना आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “हा नर आहे की मादी?” त्याची शेपटी कवचाच्या बाहेर चांगली लांब आलेली होती. पूर्ण वाढलेल्या नराची ती खूण. लगेच दुसरा प्रश्न आला, “मग याची पिल्ले कुठे असतील, आणि ती याचीच आहेत हे कोणाला कळणार?”

त्या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे. उत्तर थोडे लांबचे आहे, परंतु त्याचा शेवट याच किनाऱ्यावर होतो.

दिसणारी माता, न दिसणारा पिता

आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने आढळणारे सागरी कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. कोकणात रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या वाळूत त्याची नियमित घरटी होतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसह घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते अनेक गावांत पसरले. मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांना आई दिसत नाही. तीही त्यांना पाहत नाही.

तरीही मादीची नोंद आपल्याला ठेवता येते. तिच्या पावलांचे माग वाळूत उमटतात, घरटी मोजता येतात, तिच्या पायाला धातूचा क्रमांक लावता येतो. नराचे तसे नाही. ऑलिव्ह रिडलेचा नर अंड्यातून बाहेर पडून एकदा समुद्रात शिरला की सहसा पुन्हा वाळूवर येत नाही. मीलन समुद्रातच होते. म्हणून वर्षानुवर्षे कासवांची जी गणना होत आली, ती माद्यांची आणि घरट्यांची होती. निम्मे कुटुंब त्या नोंदवहीबाहेरच राहिले होते.

जनुकांची साक्ष कशी वाचतात?

हे निम्मे कुटुंब दिसू लागले ते डीएनए-परीक्षेमुळे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात सर ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये प्रत्येक व्यक्तीच्या डीएनएमधील वेगळेपणा ओळखण्याची पद्धत सापडली. भारतात हे तंत्र रुजवण्याचे मोठे श्रेय हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील, म्हणजेच सीसीएमबीतील, डॉ. लालजी सिंह यांना जाते. त्यांनी वापरलेला डीएनएचा शोधक तुकडा मुळात पट्टेरी मण्यार या सापाच्या अभ्यासातून मिळाला होता. सापाच्या शरीरातील एक रचना पुढे मनुष्यांच्या न्यायालयात पितृत्व ठरवण्यासाठी उपयोगी पडली, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. निसर्गाच्या एका कोपऱ्यातील ज्ञान दुसरीकडे कधी उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही.

आता मूळ तत्त्व पाहू. प्रत्येक पिल्लाच्या पेशीतील केंद्रकात गुणसूत्रांच्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून येते, एक पित्याकडून. डीएनएमध्ये काही ठिकाणी लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. जणू एकाच रंगाचे मणी ओळीने ओवलेले. कोणाच्या माळेत असे अकरा मणी असतात, कोणाच्या माळेत सोळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. मण्यांची संख्या प्रयोगशाळेत मोजता येते.

एक उदाहरण सोडवू. समजा, एका मादीच्या डीएनएमध्ये अशा एका जागी १४ आणि १८ या संख्या आहेत. तिच्या घरट्यातील चार पिल्ले तपासली, तेव्हा पुढील जोड्या मिळाल्या : १४–११, १८–११, १४–१६ आणि १८–२०. प्रत्येक जोडीतील आईची संख्या बाजूला काढा. उरतात ११, ११, १६ आणि २०. म्हणजे पित्याकडून एकूण तीन निरनिराळ्या संख्या आल्या. परंतु एका नराजवळ एका जागी जास्तीत जास्त दोनच संख्या असू शकतात. याचा अर्थ या घरट्याला किमान दोन पिते आहेत. क्वचित एखाद्या संख्येत नव्याने बदल झालेला असू शकतो. म्हणून संशोधक एका जागेवर विसंबत नाहीत. अनेक जागा तपासतात आणि अनेक पिल्लांची साक्ष घेतात. आईचा नमुना मिळाला नाही, तरी पुरेशी भावंडे तपासली तर त्यांच्यावरून आईच्या संख्याही ताडता येतात.

येथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुराव्यातून जेवढे निघते तेवढेच म्हणावे, त्यापुढे एक पाऊलही टाकू नये, ही शिस्त या लहानशा गणितात आहे.

डीएनएची दुसरी साक्ष तंतुकणिकांमध्ये असते. पेशीतील या ऊर्जाघरांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि तो जवळजवळ नेहमी केवळ आईकडून येतो. त्यामुळे आई, आजी, पणजी अशी मातृवंशाची रेषा त्यातून मागे शोधता येते. थोडक्यात, केंद्रकातील डीएनएवरून कुटुंब कळते आणि तंतुकणिकांवरून आजोळ कळते.

एका घरट्याचे किती पिते?

या पद्धतीने ऑलिव्ह रिडलेची घरटी तपासल्यावर जे आढळले ते मनोरंजक आहे. मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या देशात ओस्तिओनाल नावाचा किनारा आहे. तेथे ओडिशातील गहिरमाथ्याप्रमाणेच हजारो माद्या एकाच वेळी येऊन अंडी घालतात. त्याच देशातील प्लाया एर्मोसा या किनाऱ्यावर माद्या एकेकट्या येतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ओस्तिओनालच्या तपासलेल्या घरट्यांपैकी ९२ टक्के घरट्यांना एकाहून अधिक पिते आढळले. प्लाया एर्मोसा येथे हे प्रमाण केवळ ३० टक्के होते. त्यापूर्वी दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे झालेल्या अभ्यासात ते २० टक्के निघाले होते.

प्राणी एकाच जातीचा, तरी इतका फरक का? संशोधकांनी लावलेला अर्थ असा : जेथे मीलनकाळात कासवे दाटीने जमतात, तेथे मादीची अनेक नरांशी गाठ पडते, जेथे ती विरळ असतात, तेथे ती कमी पडते. मादी शुक्राणू आपल्या शरीरात साठवू शकते. त्यामुळे हंगामातील पुढच्या घरट्यांसाठीही तिला तोच साठा वापरता येतो. कोकणातील घरटी विरळ असतात. म्हणून येथील एखाद्या घरट्यातील पित्यांची संख्या ही नुसती कुतूहलाची बाब नाही. समोरच्या समुद्रात नर किती दाट किंवा किती विरळ आहेत, याचा ती अप्रत्यक्ष पुरावा ठरू शकते.

इतर सागरी जीवांची कुटुंबे

सागरी जीवांत पालकत्वाचा एकच साचा नाही. काही उदाहरणे पुरेशी होतील.

व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. तो अरबी समुद्रात आढळतो आणि २००१ पासून आपल्या देशात कायद्याने संरक्षित आहे. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे भ्रूण आढळले आणि ते वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. त्यांतील २९ भ्रूणांची पुढे जनुकीय तपासणी झाली. त्याचा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला : सर्वांचा पिता एकच. लहानमोठ्या भ्रूणांचा पिता एक असण्याचा संभाव्य अर्थ असा की, मादीने शुक्राणू साठवून ते काळाच्या अंतराने वापरले असावेत.

समुद्रघोड्यात पिल्ले वाहण्याचे काम नराकडे असते. मादी त्याच्या पोटावरील पिशवीत अंडी ठेवते. तेथे ‘आई कोण’ हाच परीक्षेचा प्रश्न होतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील समुद्रघोड्यांच्या १९९८ च्या अभ्यासात एका पिशवीतील सर्व पिल्ले एकाच मादीची असल्याचे दिसून आले.

बहामा बेटांपैकी बिमिनी येथे लेमन शार्क या मुशीच्या पिल्लांचे नमुने संशोधकांनी दोन दशके घेतले. १९९० च्या दशकात तेथे जन्मलेल्या काही माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्लांना जन्म देण्यासाठी त्याच उथळ पाण्यात परत आल्या, हे त्यांच्या पिल्लांच्या डीएनएवरून सिद्ध झाले. माहेरी बाळंतपणाला यावे तसाच हा प्रकार.

आणि एक उदाहरण पित्याविनाचे. अमेरिकेतील ओमाहा येथील प्राणिसंग्रहालयात नरांशिवाय ठेवलेल्या बॉनेटहेड जातीच्या मुशींच्या टाकीत २००१ मध्ये एक पिल्लू जन्मले. ते फार काळ जगले नाही. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षेने दाखवून दिले की त्याच्यात पित्याचा अंशच नव्हता. अनिषेकजनन, म्हणजे नराशिवाय प्रजनन, शार्कमध्येही घडू शकते, याचा तो पहिला पुरावा ठरला.

भारतीय कासवांचे आजोळ

आता पुन्हा आपल्या कासवाकडे येऊ. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडलेंच्या तंतुकणिकांतील डीएनएचा अभ्यास डॉ. कार्तिक शंकर आणि सीसीएमबीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय कासवांमध्ये अन्यत्र न आढळणारी एक प्राचीन मातृशाखा दिसली. जगातील इतर महासागरांत आज असलेल्या ऑलिव्ह रिडलेंचा उगम हिंदी महासागरातील शाखेतून झाला असावा, असे अनुमान त्यांनी त्यावरून मांडले. आपल्या किनाऱ्यावरची कासवे वाचवणे म्हणजे एका मोठ्या वंशवृक्षाचे मूळ वाचवणे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असा बराच काळ समज होता. तो आता ढिला पडू लागला आहे. २०२२ पासून भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचा कांदळवन कक्ष यांनी कोकणातील काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. २०२३ मध्ये गुहागर येथून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. त्याहून आश्चर्याची गोष्ट जानेवारी २०२५ मध्ये घडली. गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ हा क्रमांक होता. तो तिला २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून तीच मादी दोन्ही किनाऱ्यांची माता झाली होती.

अशा एका मादीवरून सर्व कासवांबद्दल सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु पायावरचा क्रमांक फक्त त्या एका मादीची हकीकत सांगतो, तर तिच्या पिल्लांतील डीएनए तिच्या अनेक पिढ्यांची आणि त्यांच्या पित्यांचीही हकीकत सांगू शकतो. दोन किनाऱ्यांमधील नाते किती जुने व किती घट्ट, हे ठरवण्याचा मार्ग तेथूनच जातो.

ही मोजणी कशासाठी?

कोणी विचारील, कासवाचा बाप कोण हे कळून काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो कासवांच्या जगण्यामरण्याशी निगडित आहे.

कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्रांवर ठरत नाही. अंडी उबत असताना वाळूचे तापमान किती होते यावर ठरते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोहोंचे प्रमाण सारखे राहते. वाळू त्याहून गार असेल तर नर अधिक, उष्ण असेल तर माद्या अधिक. पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने ही चिंतेची गोष्ट झाली आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्के माद्या आढळल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. अशा स्थितीत घरट्यांची संख्या वाढलेली दिसेल, आणि तरीही नर संपत आलेले असतील. किनाऱ्यावरच्या मोजणीला हा धोका दिसणारच नाही.

तो पितृत्वाच्या अभ्यासात दिसतो. भूमध्य समुद्रातील सायप्रस येथे हिरव्या कासवांच्या पिल्लांत सुमारे ९५ टक्के माद्या असतात. तेथील घरट्यांचे जनुकीय परीक्षण केल्यावर तीन वर्षांच्या काळात प्रजननक्षम प्रत्येक मादीमागे किमान १.४ नर निघाले. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर माद्यांपेक्षा अधिक वारंवार प्रजनन करत असावेत, म्हणून तूर्त तोल सावरला गेला आहे. अर्थात हा दिलासा नर जिवंत असेपर्यंतचाच.

नर मरतात ते आपल्याच समुद्रात. सोडून दिलेली जाळी, यांत्रिक नौकांच्या जाळ्यांत गुदमरणे आणि प्लास्टिक, हे त्यांचे शत्रू आहेत. कासव फुप्फुसाने श्वास घेते. पाण्याखाली जाळ्यात अडकून राहिले तर ते बुडून मरते. या कामात आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांवर सरसकट दोष ठेवणे आम्हांस मान्य नाही. जाळे हे त्यांच्या पोटाचे साधन आहे, आणि कासव सोडवण्यासाठी ते कापणे म्हणजे त्या दिवसाची कमाई कापणे. म्हणूनच संरक्षित सागरी जीव जिवंत सोडताना जाळ्याचे नुकसान झाल्यास कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून राबवली आहे. करुणेचा भार गरिबाने एकट्याने वाहू नये, हे तत्त्व त्या योजनेमागे आहे. ही माहिती झाईपासून चिंचणीपर्यंतच्या प्रत्येक घरी पोहोचवणे, हे आमच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे काम आहे. जखमी कासव दिसल्यास त्याला पाण्यात ढकलू नये, ओढू नये. वन विभागाला कळवावे, हेही सांगावे.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. शुश्रूषा केंद्रातील त्या लांब शेपटीच्या नराची पिल्ले एखाद्या घरट्यात जन्मली असतील, तर त्यांच्या प्रत्येक पेशीत त्याची निम्मी खूण आहे, आणि ती वाचण्याची विद्या माणसाने मिळवली आहे. घरट्यांच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव येणार नाही. तरीही तो बरा होऊन समुद्रात गेला, तर पुढच्या हंगामातील शेकडो पिल्लांचा पिता होऊ शकतो.

जन्म आणि जात

विषय संपवण्यापूर्वी एक इशारा द्यावासा वाटतो. पितृत्व, वंश, रक्त हे शब्द प्राण्यांच्या अभ्यासात निरुपद्रवी असतात. माणसांच्या समाजात त्यांनी फार जखमा केल्या आहेत. ‘तू कोणाचा, कुठला, कोणत्या जातीचा’ हा प्रश्न आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांनी गावात, गाडीत, बाजारात ऐकलेला आहे. जनुकशास्त्राचा हवाला देऊन कोणी असा प्रश्न पुन्हा विचारू लागला, तर त्याला काय सांगावे?

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात याचे उत्तर आहे. दोन तरुण ब्राह्मण बुद्धांकडे वाद घेऊन येतात : माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने? बुद्ध गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, पाण्यातील मासे आणि पक्षी यांची एकेक करून आठवण देतात. या सर्वांत जन्मजात खुणांनी जाती वेगळ्या ओळखू येतात. माणसामाणसांत मात्र तशी कोणतीही खूण नाही, असे ते दाखवून देतात. ऑलिव्ह रिडले आणि हिरवे कासव यांच्यातील भेद डीएनए दाखवतो. माणसांत उच्च आणि नीच दाखवणारा एकही मणी त्या माळेत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात जातीला वंशशुद्धीचा आधार देणारा युक्तिवाद खोडून काढला, तोही याच दिशेने : भारतातील मानववंशांचे मिश्रण आधी झाले, जाती नंतर आल्या.

जनुकांची साक्ष नाते सांगते, दर्जा सांगत नाही. कासवाच्या घरट्याला दोन पिते निघाले म्हणून कोणतेही पिल्लू कमी प्रतीचे ठरत नाही. शंभर पिल्ले वाळूतून एकाच वेळी वर येतात, उजेडाच्या दिशेने एकाच वाटेने जातात आणि त्यांतील फार थोडी मोठी होतात. त्यांना वाटेत कोणी ‘तुझा बाप कोण’ असे विचारत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांनी विज्ञान शिकावे ते याच वृत्तीने : मण्यांची मोजणी अचूक करावी, पुराव्यापलीकडे बोलू नये, आणि येत्या पावसाळ्यात किनाऱ्यावर जखमी कासव दिसले, तर त्याची शेपटी लांब आहे की आखूड हे पाहण्याआधी मदतीला धावावे.